आठ ओळींतून वीस मिनिटांचा सिनेमा: ‘औदुंबर’वरून सायकॉलॉजिकल पटकथा कशी बांधावी

कवितेवरून लघुपट करायचा म्हटलं की बऱ्याच संहिता एकाच वळणाने जातात. कवितेत झरा आहे, दाखवा झरा. टेकडी आहे, ड्रोन उडवा. मागे भारदस्त आवाजात कवितावाचन, खाली बासरी. तयार होतं ते हलणारं कॅलेंडर. सायकॉलॉजिकल सिनेमाला नुसत्या प्रतिमा पुरत नाहीत. त्याला लागतो बघणारा माणूस, आणि त्या माणसाला हेच का दिसतंय याचं उत्तर. कवितेतून ते उत्तर कसं काढायचं आणि पानावर कसं उतरवायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

उदाहरणाला बालकवींची ‘औदुंबर’ घेतो. शाळेत निसर्गकविता म्हणून तिच्यावर गुण मिळवलेले असतील, ते तूर्तास विसरा.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

१. कविता निवडताना: गोष्ट नको, पोकळी हवी

ज्या कवितेत आधीच पूर्ण गोष्ट आहे ती सोपी वाटते, पण मनाच्या सिनेमाला ती फारशी कामाची नसते. घटना कवीने ठरवलेल्या असतात, आपण नुसते त्यांचे मुनीम. उलट ज्या कवितेत काहीतरी ठळकपणे गैरहजर आहे तिथे पटकथेला जागा मिळते. ‘औदुंबर’मध्ये काय गैरहजर आहे ते पुढे येईलच.

हक्कांचं आधी उरकून घ्या. भारतात कवीच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. बालकवी ५ मे १९१८ रोजी गेले, त्यामुळे त्यांची कविता केव्हाच खुली झाली आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे त्यांची कविता २०१७च्या सुरुवातीपासून खुली. कुसुमाग्रजांची मात्र २०५९ संपेपर्यंत आणि ग्रेस यांची २०७२ संपेपर्यंत नाही. कविता कवीच्या पश्चात पहिल्यांदा छापली गेली असेल तर ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. हक्क शिल्लक असतील तर प्रकाशकाचं तोंडी ‘हो’ पुरत नाही. रूपांतराचे हक्क वारसांकडे आहेत की प्रकाशकाकडे ते विचारा आणि लेखी घ्या. कविता खुली असली तरी तिला कुणी लावलेली चाल आणि तिचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात.

२. आठवडाभर फक्त याद्या

पहिला आठवडा एकही दृश्य लिहू नका. कविता हाताने उतरवून घ्या आणि चार याद्या करा: रंग, हालचाल, जागा, माणसं. अर्थ लावायची घाई नको, आधी नोंद.

रंगांची यादी अशी होते. पहिल्या दोन ओळींत हिरवा आणि निळासावळा. पुढच्या दोन ओळींत फक्त हिरवा, तोही दाट. मग दोनच ओळींत पांढरा, हिरवा आणि काळा एकापाठोपाठ. सातव्या ओळीत काळिमा. आठवीत रंगच नाही. एवढी यादी कॅमेरामनला आणि कलादिग्दर्शकाला दिलीत तरी त्यांचं निम्मं काम झालं.

हालचालीची यादी: झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो, औदुंबर बसतो. वाहण्यापासून बसण्यापर्यंत कविता मंदावत जाते. मनातल्या मनात म्हणून पाहिलीत तर आठ मात्रांची आवर्तनं सलग चालू राहतात. लय तीच आणि गती उतरणारी, ही गंमत एडिटिंगला उपयोगी पडेल.

जागांच्या यादीकडे मात्र नीट बघा. गाव ‘पैल’ टेकडीकडे आहे. म्हणजे बोलणारा अलीकडच्या काठावर आहे. तो या गावचा नाही.

माणसांची यादी कोरी राहते. घरं आहेत, मळे आहेत, पायवाट आहे, माणूस एकही नाही. बरं, पायवाट ही काही आपोआप उगवत नाही, ती पायांनीच पडते. चार घरांच्या गावातून, शेतं सोडून, कुरण ओलांडून, काळ्या डोहाकडे रोज कोण जातं? गवतात पांढरी उमटेल इतकी वहिवाट कुणाची? कवीने हा प्रश्न विचारलेला नाही. आपली पटकथा तिथूनच सुरू होते.

३. बघणारा शोधा

आता असा माणूस हवा, की जो ऐल काठावर उभा राहून पैल काठाकडे एकटक बघतो आणि ज्याला तसं बघायला सबळ कारण आहे. चित्रकार, फोटोग्राफर, कवी ही सुचणारी पहिली तीन नावं लगेच खोडा. सौंदर्य बघायला आलेल्या माणसाला ते दिसलं, यात नाट्य नाही.

मी इथे भूकरमापक घेतो. साल १९९२. गावाच्या वर पाझर तलाव व्हायचाय, आणि बुडणाऱ्या जमिनीची मोजणी करायला हा आलाय. गावकरी त्याला ‘मोजणीदार’ म्हणतात, संहितेतही त्याचं तेवढंच नाव. १९९२ मुद्दाम, कारण तेव्हा मोजणी फळीवर होत असे: तिपाईवर सपाट फळी, तिच्यावर ताणलेला कागद, आणि बघायची पट्टी. पट्टीच्या एका टोकाला अरुंद फट, दुसऱ्या टोकाला उभी तार. फटीतून बघायचं, तार समोरच्या झाडावर आणायची, आणि जागच्या जागी पेन्सिलीने रेघ ओढायची. जग एका फटीतून बघणारा आणि दिसेल ते लगेच कागदावर पक्कं करणारा माणूस! याहून चांगला बघणारा शोधूनही सापडायचा नाही. शिवाय मोबाइल नाही, त्यामुळे निरोप घेऊन माणसालाच यावं लागतं.

पात्राचा व्यवसाय निवडताना हीच कसोटी लावा: त्याच्या कामाची हत्यारं त्याच्या मनाची अवस्था दाखवू शकतात का? दाखवत नसतील तर व्यवसाय बदला. संवादांची मलमपट्टी करू नका.

४. त्याला काय टोचतंय

मोजणीदाराचे वडील सहा दिवसांपूर्वी गेले. रजा शिल्लक असूनही तो चौथ्या दिवशी कामावर हजर झाला. क्रियाकर्म धाकटा भाऊ करतोय. दहावा गुरुवारी, सिनेमा सुरू होतो सोमवारी. एवढ्यावर चौकट उभी राहते, कारण घड्याळ लागलं आणि पाण्याकाठी जाण्याचा संदर्भही आला. दहावा होतो नदीकाठीच.

कवितेच्या शेवटी झाड काय करतं? पाण्यात पाय सोडून बसतं. मोजणीदाराला नेमकं तेच जमत नाहीये. तो दिवसभर फळीपाशी उभा असतो, जेवतोही उभ्याने. शेवटच्या दृश्यापर्यंत तो एकदाही बसताना दिसू नये. नटाला हे एक वाक्य सांगितलं तरी पात्र कळतं.

इथे एक सावधगिरी. कारण दिलं म्हणजे सगळं उलगडलं, असं होऊ देऊ नका. बालकवींचीच दुसरी कविता सांगते, ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’. या कवीचा काळोख कारणांची फोड करून संपणारा नाही. म्हणून पटकथेत धाकटा भाऊ ठेवलाय. वडील त्याचेही गेलेत, आणि तो डोहाकडे ओढला जात नाही. हा फरक सिनेमाने समजावून सांगायचा नाही, फक्त दोघांना एका चौकटीत उभं करायचं.

दुसरा मोह कवीच्या चरित्राचा. बालकवी वयाच्या २७व्या वर्षी जळगावजवळच्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. डोह काळा आहे आणि कवी अकाली गेलाय, मग डोह म्हणजे मृत्यू, असा हिशेब मांडून नायकाला बुडवणाऱ्या संहिता सहज सुचतात. पण कवितेने काळिमेला ‘गोड’ म्हटलंय, आणि झाड बुडत नाही, बसतं. ही विश्रांतीची ओढ आहे की संपून जाण्याची, हा संशय शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहिला तरच सिनेमा कवितेशी इमान राखतो.

५. कॅमेऱ्याला काय माहीत आहे, ते आधी ठरवा

सायकॉलॉजिकल संहिता बहुतेक वेळा इथे फसतात. भास कुठला आणि वास्तव कुठलं, हे लेखकानेच ठरवलेलं नसतं, आणि त्याला ‘संदिग्धता’ असं गोंडस नाव मिळतं. संदिग्धता प्रेक्षकासाठी असते. लेखकाच्या वहीत नियम काटेकोर हवा.

आपला नियम असा. मोजणीदाराच्या फटीतून पाहिलं की कुरणातली पायवाट पांढरी, स्वच्छ दिसते. फट सोडून कुठल्याही साध्या शॉटमध्ये तिथे फक्त गवत आहे. गावनकाशावर पाऊलमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात. त्याच्या कागदावरही तशी तुटक रेष आहे, आणि रोज सकाळी ती आदल्या दिवसापेक्षा थोडी लांब गेलेली असते. अक्षर त्याचंच. त्याला आठवत मात्र नाही.

मग रात्री. तो झोपेत उठून झरा ओलांडतो आणि कुरणातून डोहाकडे जातो. सकाळी बूट ओले. मोठ्या माणसांमध्ये ताण आणि अपुरी झोप यांमुळे झोपेत चालणं उद्भवू शकतं, आणि ते साधारणपणे गाढ झोपेत, रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात घडतं. तो दहाला झोपत असेल तर दृश्य अकरा-साडेअकराचं लिहा, पहाटेचं नको. डोळे बहुतेक उघडे असतात. हात पुढे करून डोळे मिटून चालणारा माणूस जुन्या विनोदी सिनेमांना लखलाभ.

आणि तिसऱ्या दिवशी, पहिल्यांदाच, साध्या शॉटमध्ये गवतात दबलेली एक रेघ दिसते. पांढरी नाही, नुसती दबलेली. त्याला दिसणारी वाट त्याच्याच पायांनी खरी व्हायला लागली आहे. कवितेतल्या ‘कोण जातं?’ला आपलं उत्तर हे.

ते शेवटचा धक्का म्हणून राखून ठेवू नका. ‘तो स्वतःच होता’ हा उलगडा इतका झिजलाय की प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला ओळखतो. सातव्या मिनिटाला सरळ दाखवून टाका. पुढचा ताण ‘कोण?’चा राहत नाही. भावाला कळेल का, आणि कळल्यावर तो काय बोलेल, याचा होतो.

६. कवितेचा सांगाडा, पटकथेचे चार भाग

कवितेत दोन-दोन ओळींचे चार तुकडे आहेत. वीस मिनिटांत ते समान वाटू नका. पहिला तुकडा तीन मिनिटांत उरका: झरा, दोन्ही काठ, फळी मांडणारा माणूस. दुसरा, म्हणजे गाव, साधारण चार मिनिटं, इथे गवताचा भारा नेणारी म्हातारी येते आणि विचारल्यावर सांगते, “त्या अंगाला कोन जात न्हाई, सायब.” तिसरा तुकडा सगळ्यात मोठा, नऊ-दहा मिनिटं, कारण पायवाट तिथे आहे. उरलेली तीन-चार मिनिटं डोह आणि झाड. त्यात संवाद नाही.

प्रत्येक दृश्याला कागदाची एक चिठ्ठी करा. चिठ्ठीवर काय घडतं ते एका ओळीत, आणि खाली मोजणीदाराच्या मनात काय हललं ते दुसऱ्या ओळीत. दुसरी ओळ सुचत नसेल तर ती चिठ्ठी फाडा, कितीही देखणी असली तरी. धुक्यातल्या गाईंचं एक दृश्य प्रत्येकाच्या संहितेत असतं. ते पहिलं जातं.

७. एक दृश्य लिहून बघू

दृश्य ११. बाहेर. ऐल काठ, मोजणीची जागा. मंगळवार सकाळ.

तिपाईवर फळी. कागदाच्या कोपऱ्यांवर चार गोटे. मोजणीदार उभा, अनवाणी. त्याचे ओले बूट दगडावर उलटे वाळत ठेवलेत.

धाकटा भाऊ चढ चढून येतो. डोकं भादरलेलं, हातात कापडी पिशवी. पिशवी खाली ठेवत नाही.

भाऊ: गुरुवारी दहावा आहे, दादा.

मोजणीदार: (फटीतून डोळा न काढता) हा कोपरा बुधवारी संपतो.

भाऊ: म्हणजे येतोस?

मोजणीदार: बुधवारी संपतो म्हटलं.

भाऊ कागदाकडे बघतो. घरं, बांध, झरा. कुरणातून गेलेली तुटक रेष, डोहाच्या अलीकडे थांबलेली.

भाऊ: ही वाट कुठनं जाते?

मोजणीदार पेन्सिलीने समोर दाखवतो. भावाच्या नजरेतून: कुरण. सलग गवत. वारा.

भाऊ पुन्हा कागदाकडे बघतो. मग बुटांकडे.

भाऊ: सकाळपासून चहा तरी घेतलास का?

दृश्य इथेच तोडायचं. भावाला कळलंय, आणि घरातला माणूस ज्या पद्धतीने विषय बदलतो तसा त्याने बदललाय. “तुला बरं नाहीये” हे वाक्य आलं असतं तर पुढची दहा मिनिटं वाया गेली असती. वडिलांचा उल्लेखही नाही. ‘दहावा’ आणि भादरलेलं डोकं पुरेसं आहे. पात्रं एकमेकांशी रोजच्या चार गोष्टी बोलतात आणि मनातली गोष्ट वस्तूंवर सोपवतात, हे मराठी घरांत खरंही आहे आणि पडद्यावर चालतंही.

८. आवाज, आणि कवितेचं काय करायचं

माझं मत ठाम आहे: कवितेची एकही ओळ सिनेमात बोलू नका. श्रेयनामावलीत कवितेचं आणि कवीचं नाव द्या, बास. ज्यांना पाठ आहे त्यांना ती ऐकू येईलच.

तिच्याऐवजी आवाज लिहा. उंबराची फळं खोडाला आणि फांद्यांना घोसांनी लागतात, पिकली की गळतात. पाण्यावर झुकलेल्या झाडाखाली मध्येच ‘डुब्’ असा आवाज येतो, पुन्हा शांत. हा आवाज पहिल्या मिनिटात दूरवरून एकदाच येऊ दे. रात्रीच्या दृश्यात जवळून. मंगळवारी भाऊ बोलत असताना मोजणीदार मान वळवतो ती याच आवाजाला, आणि तो भावाला ऐकू गेलेला नाही. संगीतकाराला बोलावण्याआधी संहितेत अशा आवाजांची ओळ पूर्ण करा.

झाडाचं देवपणही संहितेत लक्षात असू द्या. औदुंबर म्हणजे दत्ताचं स्थान. म्हातारी तिकडे बघून नमस्कार करेल. पण बाधा, उतारा, प्रदक्षिणा या वाटेने गोष्ट वळली की मनाचा सिनेमा भुताचा होतो. आणि कावळा तर अजिबात नको. दहावा आहे म्हटल्यावर तो आपणहून संहितेत येऊन बसतो, हाकलून द्या.

९. शेवट, आणि हातावेगळं करताना

गुरुवार सकाळ. मोजणीदार दिवसाउजेडी झरा ओलांडतो, दबलेल्या गवतातून चालत जातो, औदुंबराच्या मुळांशी बसतो आणि पाय पाण्यात सोडतो. पहिल्यांदा बसलेला दिसतो. ऐल काठावर फळी तशीच, कागद तसाच. भाऊ आलाय की नाही हे दाखवावं का, यावर दोन मसुदे लिहा आणि दोन्ही मोठ्याने वाचा.

मोठ्याने वाचणं वेळ मोजायलाही हवं. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी संहितेच्या ठरावीक मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत, त्यात शांत दृश्यं असताना, तो जुळेलच असं नाही. घड्याळ लावा, शांततेला खरोखर शांत बसा.

पक्का मसुदा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला वाचायला द्या. आजाराचं नाव संहितेत घालायला नव्हे, नको तिथे चुकीचं लक्षण घुसलंय का ते बघायला. निर्मात्याकडे पाठवण्यापूर्वी संहिता मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन नोंदवता येते. कविता खुली असली तरी मोजणीदार, भाऊ आणि ती वाढत जाणारी तुटक रेष तुमची आहे.

चित्रीकरणाचे दिवस मात्र संहितेतच लिहून ठेवा, नाहीतर कार्यकारी निर्माता मार्चच्या तारखा घेऊन येईल. जुलै-ऑगस्टमध्ये झरा गढूळ असतो, फेब्रुवारीपर्यंत कुरण पिवळं पडलेलं असतं आणि लहान झरे आटतात. हिरवं गवत आणि निळंसावळं पाणी एकत्र मिळतं ते पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुमारापर्यंत. झाड आधी शोधा, गाव नंतर. पाण्यात पाय सोडून बसलेला उंबर ठरवून उभा करता येत नाही, चार घरं करता येतात.